आईबापांचें घर आवरतांना



गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत प्रेषित पौल जवळजवळ एका दमांत दोन गोष्टी सांगतो. एकानें दुसऱ्याच्या ओझ्यास खांदा द्यावा, हें तो प्रथम सांगतो. आणि दोनचार वचनांनंतर, प्रत्येकाच्या वांट्यास स्वतःचा असा एक भार येतोच, असेंहि बजावतो. वरवर पाहतां ह्या गोष्टी परस्परांविरुद्ध वाटतात. परंतु संसारांतील एका कामांत त्या दोन्ही एकाच वेळीं खऱ्या ठरतात. तें काम म्हणजे आईबाप देवाघरीं गेल्यावर, किंवा म्हातारपणीं त्यांस लेंकरांकडे न्यावें लागलें असतां, त्यांचें घर आवरणें. ह्या कामाविषयीं उपासनेंत कोणी फारसें बोलत नाहीं. परंतु घराघरांतील प्रीति ह्या कामांत जितकी कसोटीस लागते, तितकी क्वचितच दुसऱ्या कामांत लागत असेल.

मयतीच्या दिवशीं सारा गांव धांवून येतो. कोणी खड्डा खणतो, कोणी पेटीला खांदा देतो, शेजारच्या घरून भाकरी येते. तीन दिवसांनीं पाहुणे आपापल्या वाटेनें जातात. मग महिन्या-पंधरवड्यानें एखादी लेंक किंवा लेक किल्ली घेऊन त्या ओट्यावर एकटा उभा राहतो. आंत उतरंड तशीच असते. कणगीच्या तळाशीं थोडी बाजरी, खुंटीवर बापाची टोपी, माळ्यावर कोणी केव्हां ठेविलें हें ठाऊक नाहीं असें सामान, आणि खाटेखालीं आईची पत्र्याची पेटी. काम म्हटलें तर दोन दिवसांचें. परंतु दोन महिने लोटतात तरी तें होत नाहीं. कारण येथें प्रत्येक वस्तु हातांत घेतांच जणूं विचारूं लागते, मला ठेवणार कीं टाकणार? आणि टाकणारा तूं कोण? शंभर वस्तूंचे शंभर प्रश्न, आणि उत्तर देणारें मन आधींच थकलेलें!

अशा वेळीं मनुष्यास तीन मोह होतात. पहिला, एकट्यानें करण्याचा. दुसरा, घाईनें करण्याचा. तिसरा, दार लावून करण्याचा. जो एकट्यानें करितो तो अर्ध्यावर बसून राहतो, आणि घर वाळवीच्या स्वाधीन होतें. जो घाईनें करितो तो भंगारवाल्यास हांक मारितो, आणि जमिनीचा कागद रद्दीबरोबर तराजूंत जातो. आणि जो दार लावून करितो, त्याच्याविषयीं तर काय सांगावें! त्यानें एक चमचाहि घेतला नसला तरी बहिणीच्या मनांत आईच्या पाटल्यांचा प्रश्न जन्मभर राहतो. बंद दारानें जितकीं भावंडें तोडिलीं, तितकीं उघड्या भांडणानें तोडिलीं नसतील.

तर मग मदत कां मागितली जात नाहीं? एक कारण लाज. आईबापांच्या घराची दैन्यावस्था दुसऱ्यानें पाहूं नये, फाटकीं वस्त्रें, सांचलेली धूळ, सावकाराची चिठ्ठी, बापाच्या व्यसनाची एखादी खूण कोणाच्या दृष्टीस पडूं नये, असें लेंकरांस वाटतें. दुसरें कारण अभिमान. माझ्या आईचें काम मी करीन, दुसरा कशाला? ह्या दोन्ही भावना वाईट नाहींत, त्यांच्या मुळाशीं प्रीतिच आहे. परंतु ज्या प्रभूनें मरणाच्या वेदनांतहि आपल्या आईस एका शिष्याच्या स्वाधीन केलें, त्यानें मदत घेण्यांत कमीपणा मानिला नाहीं. त्याचें शरीर खालीं उतरविण्याचें कामहि एका मनुष्याचें नव्हतें. योहान सांगतो कीं, योसेफ आला आणि निकदेमहि आला. एकानें कबर दिली, दुसऱ्यानें सुगंधद्रव्यें आणिलीं.

ह्या बाबतींत आम्हां नाशिककरांस एक मोठा दाखला आपल्याच अंगणांत मिळालेला आहे. नाशिक शहरांत आज ज्यास शरणपूर रोड म्हणतात, त्या बाजूस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड प्राइस ह्यांनीं शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वाढविली. शरण आलेल्यांचें गांव, असा त्या नांवाचा अर्थ. गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेलीं आफ्रिकेचीं मुलें तेथें आणून ठेवीत. त्यांस लिहावयास-वाचावयास आणि हातचे धंदे शिकवीत. त्यांच्यांतील एक जेकब वेनराइट. पुढें तो व नाशिकचे आणखी कांहीं तरुण आफ्रिकेंत डॉक्टर लिव्हिंग्स्टन ह्यांच्या सोबतीस गेले.

१८७३ सालीं मे महिन्याच्या आरंभीं, आफ्रिकेच्या ऐन मध्यभागीं एका खेड्यांतील झोंपडींत लिव्हिंग्स्टन मरण पावले. जवळ नातलग कोणी नाहीं. पेट्यांत त्यांचीं उपकरणें, कागद आणि रोजनिशी. देश परका, रानावनाचा, आणि चोरी झाली असती तरी विचारणारें कोणी नव्हतें. अशा वेळीं सुसी व चुमा ह्या जुन्या सेवकांनीं काय केलें? त्यांनीं सर्वांस एकत्र बोलाविलें, सर्वांच्या देखत पेट्या उघडिल्या, म्हणजे जबाबदारी एकावर न राहतां सर्वांवर राहील. आणि नाशिकच्या शाळेंत अक्षर शिकलेल्या जेकबास आंतील वस्तूंची यादी लिहावयास बसविलें. मग मृतदेह व तें सामान घेऊन तीं माणसें हजार मैलांहून अधिक वाट पायीं चाललीं आणि १८७४ च्या फेब्रुवारींत समुद्रकिनाऱ्यास पोहोंचलीं. त्याच वर्षीं १८ एप्रिल रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत दफनविधि झाला, तेव्हां पेटीबरोबर चालणाऱ्यांत आमचा जेकबहि होता. त्यांनीं राखलेल्या कागदांतूनच लिव्हिंग्स्टनांची अखेरची रोजनिशी पुढें छापून निघाली.

प्रियजनहो, जो एके काळीं स्वतःच मालमत्ता म्हणून विकला जावयाचा होता, त्यानें दुसऱ्याच्या मालमत्तेची यादी इतक्या प्रामाणिकपणें लिहावी, ह्यांत केवढा बोध आहे! ज्यांचा मृताशीं रक्ताचा संबंध नव्हता त्यांनीं जें केलें, तें एका आईच्या पोटच्या लेंकरांस कां करतां येऊं नये? सर्वांस बोलाविणें, सर्वांच्या देखत पेटी उघडणें, आणि यादी लिहिणें, ह्या तीन गोष्टींस पैसा लागत नाहीं.

कागदांविषयीं आणखी एक गोष्ट नाशिकचीच आहे. कवि नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजीं मुंबईस निवर्तले, तेव्हां त्यांच्या ख्रिस्तायन ह्या महाकाव्याचे सुमारे १० अध्यायच झाले होते. तो अपुरा कागद कोणी बासनांत बांधून माळ्यावर टाकिला असता तर आज त्याचें नांवहि राहिलें नसतें. परंतु नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई, ज्यांस लहानपणीं शाळा ठाऊक नव्हती, त्यांनीं पुढचे ६४ अध्याय रचिले. १९३६ सालीं त्याहि नाशिक येथें वारल्या, आणि १९३८ सालीं तो ग्रंथ प्रकाशांत आला. म्हणून बापाच्या हातचें अक्षर दिसलें कीं थांबा. प्रत्येकाच्या घरीं महाकाव्य नसतें हें खरें. परंतु बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाचा दाखला, जुनें गीतपुस्तक, त्याच्या कोऱ्या पानावर लिहिलेल्या लेंकरांच्या जन्मतिथि, ह्या पुढच्या पिढीच्या ठेवी आहेत.

आतां कामाच्या रीतीविषयीं आम्ही थोडें सांगतों.

आईबाप हयात असतील, तर त्यांस उठवून दुसऱ्या घरीं बसवूं नका आणि मागें घर रिकामें करूं नका. आईस खाटेवर बसवा आणि एकेक वस्तु तिच्यापुढें धरा. ती म्हणेल, हें राहूं द्या. राहूं द्या! ती एकेका डब्याची कथा सांगेल, ऐका. दोन दिवसांचें काम आठ दिवस चालेल. चालो. ज्या हातांनीं संसार मांडला त्यांनींच तो उचलावा, ह्यांत त्यांचा मान आहे. ह्या कामांत पांचव्या आज्ञेचें पालन जितकें होतें तितकें भारी पेटी व फुलांच्या हारांनीं होत नाहीं.

मृत्यूनंतरचें काम असेल, तर प्रथम कागद वेगळे काढा. सातबाराचा उतारा, आठ-अ, ग्रामपंचायतीची घरपट्टी, बँकेचीं व पोस्टाचीं पुस्तकें, विम्याचे कागद एका पिशवींत घालून, कोणाच्या देखत कोणापाशीं ठेविले तें लिहा. जमिनीस वारस लागला म्हणजे तीन महिन्यांच्या आंत गांवच्या महसूल दप्तरीं कळविणें हें कायद्यानें सांगितलेलें आहे. तो दिवस चुकवूं नका. मृत मनुष्य ख्रिस्ती असून त्यानें मृत्युपत्र केलेलें नसेल, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणें मागें राहिलेल्या पति किंवा पत्नीस एक तृतीयांश, आणि उरलेलें लेंकरांस सारखें. मुलगा व मुलगी असा भेद त्यांत नाहीं. ज्या मंडळींत बहिणीस साडी-चोळी देऊन वाटेस लावितात, तिनें हें ध्यानांत धरावें.

आईबाप हिंदु असून लेंकरूं ख्रिस्ती झालें असेल, तर धर्म सोडला म्हणून तुझा हिस्सा बुडाला, असें कोणी भाऊबंद म्हणेल. तें बरोबर नाहीं. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यांत धर्मांतर करणाऱ्याचा स्वतःचा हक्क गेलेला नाहीं; मात्र धर्मांतरानंतर जन्मलेलीं त्याचीं मुलें, वारसा लागतांना हिंदु नसल्यास, हिंदु नातलगांचे वारस होत नाहींत. आदिवासी कुटुंबांत रूढीचा प्रश्न निराळा असतो. संशय असेल तेथें जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे जावें; स्त्रियांस व अनुसूचित जमातींच्या लोकांस तेथें कायद्याची मदत मोफत मिळते.

भांड्यांविषयीं. नाशिकचीं तांब्यापितळेचीं भांडीं प्रसिद्ध. आमच्या खेड्यांतील पुष्कळ घरांत भांडी बाजारांतून आणिलेला एखादा हंडा, एखादी घागर असतेच. जुनें भांडें मोडीत घातलें म्हणजे वजनाचा पैसा मिळतो, ह्यांत पाप नाहीं. परंतु सर्व भावंडांनीं पाहिल्यावांचून एकहि भांडें तराजूंत जाऊं नये. ज्या घागरीनें बहीण लहानपणीं विहिरीचें पाणी आणीत होती, ती तिच्या लेखीं किलोच्या भावाची नाहीं.

वस्त्रांविषयीं. यापो येथें दुर्कस वारली तेव्हां विधवा बायका रडत उभ्या राहिल्या आणि तिनें शिवलेलीं वस्त्रें पेत्रास दाखवूं लागल्या, असें प्रेषितांच्या कृत्यांत आहे. तीं वस्त्रें पेटींत नव्हतीं, गरिबांच्या हातांत होतीं. हीच उत्तम आवराआवर! आईचीं धडकीं लुगडीं ज्या बायांनीं तिच्याबरोबर निंदणी-खुरपणी केली त्यांस द्या. विरलेलीं असतील त्यांची गोधडी शिववा आणि नातवंडांवर घाला. उरलेलें बोहारणीस देण्यास हरकत नाहीं. आणि एक सावधगिरी. ज्या कोनाड्यांत वर्षानुवर्षें हात गेला नाहीं तेथें दिव्यावांचून हात घालूं नका, विंचवास नात्याची ओळख नसते. द्राक्षबागेच्या फवारणीच्या उरलेल्या बाटल्या व जुनीं औषधें मुलांच्या हातीं लागूं देऊं नका आणि कोणास दानहि करूं नका.

आतां एक नाजूक गोष्ट. आईबाप आपल्या जुन्या धर्मांत राहिले आणि देव्हाऱ्यांत कुळाचे चांदीचे टाक आहेत, तर ख्रिस्ती लेंकरानें काय करावें? राहेल बापाच्या घरून निघतांना त्याच्या गृहमूर्ति चोरून उंटाच्या खोगिरांत लपवून त्यावर बसली, ही कथा उत्पत्तीच्या पुस्तकांत आहे. तिच्या त्या कृत्यानें लाबान व याकोब ह्यांच्यांत केवढा कलह माजला! म्हणून आम्ही सांगतों, ते टाक लपवूं नका, विकूं नका, त्यांची थट्टा करूं नका. ज्या भावाची त्यांवर श्रद्धा आहे त्याच्या हातीं ते मानानें द्या. तुम्ही पूजा करीत नाहीं, म्हणून ती चांदी तुमची होत नाहीं. ह्या एका सरळ वागणुकीनें जी साक्ष होईल ती दहा प्रवचनांनीं होणार नाहीं.

आतां उपदेशक बंधूंस दोन शब्द. लूकच्या शुभवर्तमानांत एक मनुष्य प्रभूकडे येऊन, माझ्या भावास वतन वांटून द्यावयास सांगा, अशी विनंति करितो. प्रभूनें वांटणी करून देण्याचें नाकारिलें, आणि दोघांसहि लोभाविषयीं सावध केलें. तुम्हीहि वांटेकरी होऊं नका. हें थोरल्यास द्या, तें धाकटीस द्या, असें आपल्या तोंडून निघूं नये. तुमचें काम जेकबाचें आहे. घोंगडी टाकून बसावें, यादी लिहावी, सर्वांच्या सह्या किंवा अंगठे घ्यावे, आणि उठावें. त्या दिवशीं त्या घरांतून कांहीं बक्षीस घेऊन येऊं नये. प्रेमानें देऊं केली तरी जुनी खुर्चीदेखील नाहीं. आणि तेथें जें दृष्टीस पडलें तें तेथेंच ठेवून यावें. ज्याच्या तोंडून एका घराची दैन्यावस्था दुसऱ्या घरीं गेली, त्यास तिसरें घर कधीं बोलावणार नाहीं.

मंडळीस आमचें सांगणें असें कीं, कांहीं लागलें तर सांगा, असें म्हणून घरीं बसूं नका. दुःखांत असलेल्यास काय लागतें हें सांगतां येत नाहीं. दिवस ठरवून जा. चौघे पुरेत. एकानें लिहावें, दोघांनीं उचलावें, एका बाईनें चूल पेटवून सर्वांस चहा-भाकरी करावी. झाडू, टोपल्या, दोरी आपल्या घरून न्यावी. जड सामानास कोणाचा ट्रॅक्टर किंवा टेंपो लागेल तो आधीं बोलून ठेवावा. विशेषतः जिचा नवरा नाहीं अशी एकुलती लेंक, आणि जो मुंबई-पुण्यास पोटामागें गेला असून दोन दिवसांच्या रजेवर आला आहे असा मुलगा, ह्यांस ही मदत न मागतां मिळावी. आणि एखाद्या वस्तूपाशीं तीं थांबलीं, तर घाई करूं नये, उपदेशहि करूं नये. झाडू खालीं ठेवून थोडें थांबावें.

येथवर दुसऱ्यांनीं वाहावयाच्या ओझ्याची गोष्ट झाली. परंतु पौलाची दुसरी गोष्ट राहिलीच. एक भार असा आहे कीं तो कोणासहि वांटून देतां येत नाहीं. घर रिकामें होतें, सामान जातें, भिंतीवर फक्त खुंट्या राहतात. तेव्हां आईबापांविषयीं मनांत जें असतें तें पुढें येतें. कोणाच्या मनांत कृतज्ञता, कोणाच्या मनांत न बोललेला शब्द. कोणाचा बाप दारूंत बुडालेला होता, त्यानें आईस मारलें, लेंकरांस शाळेंतून काढिलें. त्याची टोपी हातांत घेऊन काय करावें हें त्या लेंकरास समजत नाहीं. तेथें मंडळीनें, आतां मेलेल्याविषयीं वाईट बोलूं नये, असें म्हणून त्याचें तोंड बंद करूं नये. क्षमा ही यादींत लिहून दुसऱ्याकडून उचलवून घेण्याची वस्तु नव्हे. ती त्याची त्यानें, देवासमोर, आपल्या वेळानें करावयाची आहे. आणि ती आजच झाली पाहिजे असें नाहीं. अशा वेळीं मदतनिसांनीं अंगणांत जाऊन उभें राहावें. आंत त्यास थोडा वेळ एकटें असूं द्यावें. परंतु अंगण सोडून जाऊं नये. तो बाहेर येईल, तेव्हां त्यास आपलीं माणसें दिसलीं पाहिजेत.

शेवटीं, आज ज्यांचे आईबाप हयात आहेत आणि जे स्वतः आईबाप आहेत, त्या सर्वांस एकच विनंति. आपलें घर आज पाहा. कोणता कागद कोठें आहे हें दोघां लेंकरांस सांगून ठेवा. जें द्यावयाचें तें जिवंतपणीं हातानें द्या. तुम्हीं दिलेल्या वस्तूवरून पुढें कोणी भांडत नाहीं. ज्या शेजाऱ्याशीं अबोला आहे त्याच्याशीं बोला, कारण पुढें तुमच्या लेंकरांबरोबर दोरी धरावयास कदाचित् तोच येईल.

ज्या दयाळु पित्याच्या घरीं पुष्कळ राहण्याचीं स्थळें आहेत, तो आपल्या ह्या मातीच्या घरांचीं दारें एकमेकांस उघडण्यास आपणां सर्वांस बळ देवो. आमेन.